खाडीकाठचे छोटे रंगीत पक्षी: सकाळच्या उन्हात फोटो कसे काढावेत

छोटा खंड्या, म्हणजे धीवर, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १६-१७ सेंटीमीटरचा. लाल मुनिया १० सेंटीमीटरची. पिवळा धोबी शेपटीसकट १८ च्या आसपास. पिसांचे काठ मोजता येतील असा फोटो हवा असेल तर अशा पक्ष्यापासून ८-१० मीटरच्या आत असावं लागतं, आणि मागे मागे चालत गेलं तर खंड्या तेवढं जवळ कधीच येऊ देत नाही. तेव्हा कोकणातल्या खाडीवर पक्ष्याच्या मागे जायचं नाही. तो स्वतःहून जिथे येणार, तिथे उन्हाच्या योग्य बाजूला त्याच्या आधी जाऊन बसायचं. जागा, तिथी आणि बैठक जमली तर साधी लेन्सही चांगलं काम देते. ती चुकली तर महागातलं सामानही उपयोगाचं नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पाहुणे धोबी आलेले असतात, आभाळ स्वच्छ असतं, आणि जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवत असल्याने अपरात्री उठावं लागत नाही.

उघाडी आणि खुंट

खाजणाला, म्हणजे खाडीलगतच्या सखल जमिनीला, खाडीच्या पाण्यापासून वाचवणारा बांध असतो आणि बांधात उघाडी, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणारं झडपेचं दार, असते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप मिटते. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडायला लागतं. त्या अरुंद धारेबरोबर बारीक मासे आणि कोळंबीची पिल्लं येतात, म्हणून छोटा खंड्या तिथे ठाण मांडतो. खाडीभर हिंडण्यापेक्षा पाणी वाहणारी एक उघाडी शोधावी.

जागा आदल्या दिवशी संध्याकाळी बघून ठेवावी. उघाडीच्या आजूबाजूला जाळी बांधायचे खुंट, बांधाच्या दगडांतून वर आलेली काटकी, कांदळवनातल्या तिवराची वाळकी फांदी असं काही ना काही असतंच. त्यातल्या ज्याच्यावरून विष्ठेचे पांढरे ओघळ खाली आलेत, तो रोजचा खुंट. जवळ जाऊन पाहिलं तर माथ्यावर माशांचे खवलेही चिकटलेले सापडतात, कारण खंड्या पकडलेला मासा खुंटावर आपटून सुस्त करतो आणि मग डोक्याकडून गिळतो. ओघळ आणि खवले दोन्ही असतील तर दुसरी जागा शोधायची गरज नाही.

खुंट पाण्यापासून एक-दीड मीटर उंच असला तर बसल्या बैठकीला पक्षी डोळ्यांच्या पातळीवर येतो. विजेच्या तारेवरच्या पक्ष्याचं पोट आणि पांढरं आभाळ एवढंच मिळतं. खुंटामागे काय आहे तेही लेन्समधूनच बघावं. मागची झाडी १०-१५ मीटर लांब असेल तर ती सपाट गडद हिरवी होऊन जाते आणि निळा पक्षी त्यावर उठून दिसतो. हातभर मागेच चिपीच्या झाडाची पानं असतील तर प्रत्येक पान पक्ष्याशी भांडतं. बैठक दोन पावलं सरकवली तरी पार्श्वभूमी बदलते, पण हे अंधार पडायच्या आत ठरलेलं असावं.

सोयीचा खुंट नसेल तर भरतीने वाहून आलेली अंगठ्याएवढी जाड वाळकी काठी पाण्याच्या कडेला रोवता येते. पक्ष्याला तिची सवय व्हायला वेळ द्यावा आणि काम झाल्यावर ती काढून टाकावी. त्यासाठी कांदळवनाची ओली फांदी तोडायची नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी त्या फांदीवर कुणाचा तरी रोजचा मुक्काम असतो. खाजण ज्याचं आहे त्याला विचारून बसावं आणि उघाडीच्या झडपेला हात लावू नये. खारं पाणी आत गेलं तर त्याचं शेत बिघडतं.

तिथी बघून निघावं

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा अजून चालतो: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. द्वितीयेला दीड वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशेब खाडीच्या मुखाचा आहे. आत जावं तशी भरती उशिरा पोचते, कुठे अर्धा तास, कुठे तासापेक्षा जास्त. म्हणून एका सकाळी आपल्या उघाडीवर पाणी कधी फिरतं ते घड्याळ लावून बघावं आणि तेवढा फरक पुढे कायम धरावा. ठोकताळ्यावर भागत नसेल तर भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा.

यावरून सकाळचं नियोजन असं लागतं. चतुर्थी ते सप्तमी पूर्ण भरती पहाटे तीन ते सव्वापाचच्या दरम्यान होऊन गेलेली असते आणि उजाडता उजाडता पाणी उतरत असतं. उघाडी वाहते ती याच वेळी, त्यामुळे खंड्यासाठी हे चार दिवस राखून ठेवावेत. प्रतिपदा ते तृतीया ओहोटीचा तळ सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येतो. गाळाची पुळण उघडी पडते, पक्षी लांबवर पांगतात, आणि छोट्या पक्ष्यांपेक्षा गाळात चरणाऱ्या चिखल्ये-तुतवारांची सोय होते. अष्टमी ते दशमी सूर्योदयाला खाडी भरलेली असते, मग खंड्या खाडी सोडून खाजणाच्या आतल्या डबक्यांवर आणि कोळंबीच्या तळ्यांच्या बांधांवर येतो. एकादशीपासून पुढे सकाळी पाणी चढतं असतं, उघाडी मिटलेली असते. त्या दिवसांत धोबी, वेडे राघू आणि मुनियांच्या मागे लागावं, त्यांना भरतीचं सोयरसुतक नसतं.

ऊन कुठून येतं

कोकणात पूर्वेला डोंगर, आणि खाडीच्या दोन्ही अंगांना बहुतेक ठिकाणी सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उंच पठार. पंचांगातला सूर्योदय आणि पाण्यावर ऊन पडण्याची वेळ यांत त्यामुळे १५ मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत फरक पडतो. दुसरं असं की डिसेंबर-जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला उगवतो. आपल्या खाड्या साधारण पूर्वेकडून पश्चिमेला वाहतात. म्हणजे दक्षिण काठावर बसून वायव्येकडे बघितलं की ऊन उजव्या खांद्यामागून येतं आणि पक्ष्याच्या अंगावर सरळ पडतं. अट एकच: पाठीमागे शेत किंवा मोकळं खाजण हवं. दक्षिण काठाला लागूनच सडा उभा असेल तर त्याची सावली बराच वेळ हलत नाही.

खंड्याच्या बाबतीत उन्हाची दिशा फारच महत्त्वाची. त्याच्या पोटाचा नारिंगी रंग हा खरा रंगद्रव्याचा. पाठीचा निळा मात्र पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या उजेडाचा आहे. समोरून ऊन पडलं की पाठीवरची पट्टी झगझगीत निळी होते. ऊन पक्ष्याच्या मागे गेलं की तीच पाठ काळपट राखी दिसते आणि संगणकावर कितीही ओढाताण केली तरी तो निळा परत येत नाही.

सरळ समोरून ऊन घेताना एक अडचण येते. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडते आणि सकाळी ती फार लांब असते. उगवल्यानंतर २०-२५ मिनिटांनी सूर्य ५ अंशांवर असतो, तेव्हा जमिनीवर बसलेल्या, मीटरभर उंचीच्या माणसाची सावली ११ मीटर पडते. ती खुंटाखालच्या पाण्यावर हलली की मासेही पळतात आणि खंड्याही. तासाभरात ती चार-पाच मीटरवर येते. म्हणून सुरुवातीला बैठक अशी ठेवावी की ऊन खांद्यावरून २०-३० अंश तिरकं येईल. सावली बाजूला पडते आणि पक्ष्याच्या छातीला थोडा उठावही मिळतो.

कामाचा उजेड ऊन पाण्याला लागल्यापासून पावणेनऊपर्यंत. नवानंतर पोटाखाली काळ्या सावल्या आणि पाठीवर पांढरे चट्टे यायला लागतात.

बैठक

ऊन पडायच्या पाऊण तास आधी जागेवर असावं. अंधारात आलेला माणूस उजाडेपर्यंत पक्ष्याच्या लेखी दगड झालेला असतो. उजाडल्यावर आलेला नाही. मातकट किंवा राखाडी कपडे, चेहऱ्यावर आणि हातांवर जाळीचं कापड, लेन्सवर जुनं पोतं. बोलणं आणि मोबाइल दोन्ही बंद. बसायला प्लास्टिकचा कागद आणि त्यावर गोणपाट.

तिपाई गाळात रुतते, आणि रुतताना एकाच बाजूला कलते. प्रत्येक पायाखाली करवंटी उपडी न ठेवता वाटीसारखी सुलटी ठेवली तर भार पसरतो आणि पाय आतच राहतो. त्याहून सोपी आणि खालची बैठक पिशवीची. जाड कापडाच्या, दीड-दोन हात लांबीच्या पिशवीत भाताचं तूस पाऊण भाग भरावं. तांदूळ भरू नयेत, ते जड होतात आणि ओलीने फुगतात. पूर्ण ठासून भरली तर लेन्स तिच्यावर घरंगळते, म्हणून पाव भाग मोकळा.

पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. बांधाच्या दगडांवरची कालवं पाय चिरतात. पाणी चढतं असेल तर मागच्या नाळेकडे, म्हणजे पाण्याच्या अरुंद वाटेकडे, लक्ष ठेवावं, कारण नाळ आधी भरते आणि परतीची वाट तुटते. गुडघ्याच्या वर रुतवणाऱ्या गाळात फोटोसाठी उतरायचं नाही.

कॅमेऱ्याचं गणित

एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरवर ४०० मिमी लेन्स असेल तर ८ मीटरवर चौकटीची रुंदी ४७ सेंटीमीटर भरते, म्हणजे खंड्या तिचा तिसरा भाग व्यापतो. फुल फ्रेमवर तेच काम ६०० मिमी करते. याच अंतरावर लेन्सचं छिद्र एफ ६.३ ठेवलं तर फोकसची खोली फक्त १० सेंटीमीटर मिळते. पक्षी आडवा बसलेला असेल तर पुरते. तोंड आपल्याकडे करून बसला तर चोच किंवा शेपूट यांपैकी एक सुटणारच. तेव्हा डोळा पकडावा आणि बाकीचं सोडावं.

ऊन पडण्याआधी, नुसतं उजाडलेलं असताना, एफ ६.३ ला १/५०० सेकंदाचा शटरवेग हवा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० च्या घरात जातो. ऊन लागल्यावर १/१००० ला आयएसओ ८०० पर्यंत उतरतो, आणि साडेआठच्या सुमारास ४०० वर १/१६०० सहज मिळतो. बसलेल्या खंड्याला १/५०० पुरतो असं वाटतं, पण तो सारखं डोकं वरखाली करतो. १/८०० च्या खाली जाऊ नये. ६० पट झूमच्या ब्रिज कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने आयएसओ ८०० च्या वर दाणे फार दिसतात. तो कॅमेरा असेल तर ऊन नीट चढेपर्यंत बटण न दाबलेलं बरं.

गडद कांदळवनासमोर कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि पक्षी पांढुरका करतो. तिथे उजेड दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी करावा (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड). चमकत्या पाण्यासमोर किंवा धुक्यात उलट दोन तृतीयांश वाढवावा. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघायची सवय लावावी. धोब्याचा पिवळा, मुनियाचा लाल आणि खंड्याचा नारिंगी हे तिन्ही रंग लाल पट्ट्यात आधी फुटतात, म्हणजे त्यांतला तपशील जातो. एकत्र हिस्टोग्राम तेव्हाही सगळं ठीक असल्याचं दाखवतो, आणि घरी आल्यावर धोब्याच्या छातीवर पिसांऐवजी नुसता पिवळा डाग सापडतो. रंगछटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा सकाळच्या उन्हाची ऊब पुसून टाकतो. तो ५२००-५५०० केल्विनवर बांधावा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्यावेत.

डोळा ओळखणारा फोकस तिवराच्या श्वसनमुळांपुढे गोंधळतो, कारण ती शेकड्यांनी उभी असतात. फोकसची चौकट लहान करून खुंटाच्या माथ्यावर आधीच लावून ठेवावी. बिनआवाजाचं शटर बसलेल्या पक्ष्याला उत्तम. उडत्या पक्ष्याचे पंख त्यात बऱ्याच कॅमेऱ्यांवर वाकडे येतात, तिथे यांत्रिक शटर वापरावं.

पक्षी तसा हिशेब

खंड्या दिसायच्या आधी ऐकू येतो: पाण्यालगत येणारी बारीक, तीक्ष्ण शीळ. ती कानावर पडली की कॅमेऱ्याला डोळा लावावा, हात नंतर हलवले तर उशीर झाला. खालची चोच नारिंगी असेल तर मादी, दोन्ही काळ्या असतील तर नर. शेपूट उचलून विष्ठा टाकली की बहुतेकदा तो उडणार, आणि मान ताणून खाली टक लावली की बुडी मारणार. बुडीचा फोटो घ्यायचा तर ऊन चांगलं चढल्यावर, १/३२०० किंवा त्याहून वेगाने, फोकस खुंटाखालच्या पाण्यावर हाताने बांधून. आत शिरताना पकडण्यापेक्षा बाहेर येताना पकडणं सोपं, कारण पाण्याचा भार घेऊन वर येताना त्याचा वेग कमी असतो. तो बहुधा त्याच खुंटावर परत येतो. मासा आपटतानाचे क्षण तिथेच मिळतात, म्हणून बुडी हुकली तरी बैठक सोडू नये.

पिवळा धोबी भात कापलेल्या मळ्यात चरणाऱ्या गुरांच्या पायांपाशी किडे टिपत हिंडतो. त्याच्या मागे न जाता गुरं कुठे सरकताहेत ते बघून पुढे जाऊन आडवं पडावं, तो चालत चालत लेन्सच्या किमान फोकस-अंतराच्याही आत येतो. शेपूट थांबत नाही, १/१२५० हवा. कॅमेरा जमिनीला टेकलेला असेल तर पुढचे कापलेल्या भाताचे बुडखे धूसर होऊन फोटोला खोली देतात. उभ्याने काढलेला धोबी नुसता मातीवरचा ठिपका दिसतो.

वेडे राघू थंडीत पहाटे फांदीवर एकमेकांना चिकटून, पिसं फुगवून बसतात आणि ऊन अंगात मुरेपर्यंत हलत नाहीत. नवशिक्याने सुरुवात त्यांच्यापासून करावी. पाच पक्षी ओळीत असतील तर एफ ८ किंवा ९ करावं आणि ओळीला काटकोनात बसावं.

लाल मुनियाचा नर पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत लाल असतो, पुढे रंग उतरतो. तेव्हा तिच्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, खाजणाच्या कडेचं उंच गवत. मुनिया गवताच्या आत बसते आणि फोकस पुढच्या पात्यावर अडकतो. तुऱ्यावर दाणे खायला वर आली की एक-दोन सेकंदच मिळतात. इथे उलट्या उन्हाचाही उपयोग होतो, दंवाने भरलेलं गवत मागून उजळतं.

घरट्याजवळ यातलं काहीच करायचं नाही. खंड्या काठाच्या मातीत बीळ करतो. चोचीत मासा धरून तो कडेला घुटमळताना दिसला तर आपण वाटेत बसलो आहोत, लगेच उठावं. आवाज लावून पक्षी बोलावणं, दगड मारून उडवणं, डब्यात मासे ठेवून फसवणं, यांनी मिळालेला फोटो ठेवण्याच्या लायकीचा नसतो.

फोटो मऊ येतो तेव्हा

शटर वेगवान, फोकस डोळ्यावर, तरी पिसं मेणासारखी. खाडीवर हे फार वेळा होतं आणि दोष लेन्सला दिला जातो. जानेवारीच्या पहाटे खाडीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, त्याच्यावरून हवा थरथरत वर जाते आणि ३० मीटरपलीकडचं सगळं पुसट होतं. नवानंतर तापलेला गाळ आणि मिठागरं हेच करतात. उपाय अंतर कमी करण्याचा, दुसरा नाही. एका मालिकेतले काही फोटो तीक्ष्ण आणि काही मऊ असतील तर हवेचा दोष समजावा. सगळेच सारख्या अंतराने पुढे किंवा मागे फोकस दाखवत असतील तर लेन्स तपासावी. दोन्ही नसेल तर पुढच्या काचेवर बोटाने नाही, टॉर्चने बघावं: उघड्यावर ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर थंडीत दंव धरतं. हूड कायम लावलेला ठेवला तर ते बरंच टळतं. उकाड्याच्या महिन्यांत मात्र एसी खोलीतून काढलेल्या लेन्सवर वाफ बसते. तेव्हा बॅग रात्रीच बाहेरच्या पडवीत ठेवावी.

घरी आल्यावर

खाऱ्या हवेचा थर दिसत नाही पण बटणांच्या फटींत बसतो. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने बॉडी आणि लेन्सची नळी पुसावी, मग कोरड्याने. काच आधी फुंकणीने झटकावी, कारण मिठाचा कण कापडाखाली घासला तर लेप ओरखडतो. तिपाईचे पाय उलगडून धुवावेत, नाहीतर महिन्याभरात सांधे अडकतात. तूस भरलेली पिशवी उन्हात टाकावी, ओली राहिली तर कुजते.

लेन्स कपाटात ठेवू नये, कोकणातल्या दमट हवेत काचेच्या आत बुरशीचे धागे धरतात आणि ते काढणं खर्चाचं. घट्ट झाकणाचा डबा, आत आर्द्रता दाखवणारा छोटा मापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. त्याखाली फार गेला तर रबर आणि वंगण सुकतं, ६० च्या वर गेला तर सिलिका बदलावी. निळी सिलिका ओल पिऊन गुलाबी होते आणि तापवली की पुन्हा निळी, पण तिच्यात कोबाल्टचा क्षार असतो. ती स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये, आणि घरात लहान मूल असेल तर केशरी सिलिका आणावी.